जिला आपण बाखची चाल म्हणतो, ती मुळात कोणाची?

पेटीचा भाता उघडा, पांढरी एकचा सा धरा आणि सावकाश एवढंच वाजवा : सा ग प प, प प ध प. आठ स्वर. शिकायला बसलेल्या मुलालाही पहिल्या आठवड्यात जमतील इतके सोपे. पण पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत थोडंफार ऐकलेला माणूस शेजारच्या खोलीतून हाक मारील, "अरे, हे तर बाख!"

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखचा जन्म 1685 सालचा. ही चाल 'जागे व्हा, आवाज साद घालतो आहे' या जर्मन गीताची. ती छापली गेली 1599 साली, म्हणजे बाख जन्माला येण्याच्या 86 वर्षं आधी. ती ज्या पुस्तकात आली ते लिहिलं होतं जर्मनीतल्या वेस्टफालिया प्रांतातल्या उन्ना नावाच्या लहान शहराच्या पाळकाने. त्याचं नाव फिलिप निकोलाय. हा पेशाने संगीतकार नव्हता. धर्मशास्त्राचा डॉक्टर होता, कडवा वादपटू होता, आणि प्लेगच्या एका साथीत त्याच्या गावाने तेराशेहून जास्त माणसं मातीआड केली होती. नाताळ जवळ आला की ही चाल सगळीकडे ऐकू येते, तिच्याबरोबर बाखचं नाव येतं आणि निकोलायचं मागे राहतं. मला ते फार लागतं, कारण ही चाल कुठून आली हे कळलं की ती वेगळीच ऐकू येते.

आधी एक शब्द : कोराल

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या आधी चर्चमधली मुख्य उपासना लॅटिनमध्ये चाले. गाणारे म्हणजे मुख्यतः धर्मगुरू आणि गायकवृंद. जमलेल्या लोकांनी ऐकायचं. लूथरचं म्हणणं असं की देवाचं वचन लोकांना त्यांच्या भाषेत वाचता आलं पाहिजे, तसंच गाताही आलं पाहिजे. 1524 साली आठ गीतांची एक छोटी पुस्तिका निघाली आणि तिथून जर्मन गीतांची परंपरा मुद्रणाच्या वाटेने घरोघर पोचली. अशा गीताला कोराल म्हणतात : मातृभाषेतलं, सगळ्या मंडळीने एकसुरात म्हणायचं, आणि प्रत्येक कडव्याला तीच चाल असलेलं गीत.

आपल्याकडचा अभंग घ्या. दिंडीत टाळांच्या ठेक्यावर तो शेकडो लोक म्हणतात. कोणाचा आवाज कसा आहे याला तिथे महत्त्व नसतं. तोच अभंग एखादा तयारीचा गायक मैफलीत घेतो, आलाप करतो, एका ओळीभोवती दहा मिनिटं फिरतो. अभंग एकच, कामं दोन. निकोलायने पहिलं काम केलं, बाखने दुसरं. गल्लत होते ती इथे.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना हा धडा परका नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (1861–1919) भाषांतरित गीतांवर समाधान न मानता अभंग-ओवीच्या वळणाने ख्रिस्ती भजनं लिहिली, ती याच जाणिवेतून : लोकांच्या गळ्यात आधीच जे आहे, त्यातून श्रद्धा बोलली पाहिजे.

पाळकाचा मुलगा, पाळकच झाला

निकोलायचा जन्म 10 ऑगस्ट 1556चा, वाल्डेक या छोट्या संस्थानातल्या मेंगेरिंगहाउझेन गावचा. घराण्याचं मूळ आडनाव राफलनबॉइल. वडिलांनी ते सोडून आपल्या वडिलांच्या, निकोलाउसच्या, नावावरून निकोलाय हे लॅटिन वळणाचं नाव घेतलं. अर्थ सरळ, 'निकोलाउसचा'. बापाचं नाव मुलाच्या नावापुढे लावणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये.

एरफुर्ट आणि विटेनबर्ग इथे शिक्षण झालं. 1583 साली तो हेर्डेके इथे लूथरपंथी प्रवचनकार झाला, पण तीन वर्षांत तिथून उठावं लागलं. शेजारी नेदरलँड्समध्ये स्पेनचं युद्ध पेटलेलं होतं आणि त्याची झळ या भागाला बसत होती. स्पॅनिश फौजा आल्या, मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, पुन्हा सुरू झाली, निकोलायने पद सोडलं. मग काही काळ तो कोलोन या कॅथलिक शहरात होता. तिथे लूथरपंथीयांना उघड उपासना करता येत नसे. लोक कोणाच्या तरी घरात जमायचे आणि तिथे तो चोरून उपासना घ्यायचा.

पुढे तो वाल्डेक संस्थानात परतला. आल्टविल्डुंगेनला पाळक आणि राजघराण्यातल्या विधवा काउंटेसचा दरबारी प्रवचनकार झाला. तिचा लहान मुलगा विल्हेल्म अर्न्स्ट याला शिकवायचं कामही त्याच्याकडे आलं. हे मुलाचं नाव लक्षात ठेवा. 1594 साली विटेनबर्गने निकोलायला डॉक्टरेट दिली. त्याआधी 1590मध्ये त्याने मारबुर्गला प्रयत्न केला होता, पण तिथल्या सत्ताधीशाने अडवलं, कारण निकोलायची मतं फार टोकदार होती.

भांडण नेमकं कशावरून होतं?

आजच्या वाचकाला इथे सगळ्यात जास्त कोडं पडतं. कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट हे ऐकलेलं असतं. पण निकोलायचा मुख्य वाद दुसऱ्या प्रोटेस्टंटांशीच, म्हणजे कॅल्व्हिन या दुसऱ्या धर्मसुधारकाच्या अनुयायांशी होता. विषय होता प्रभुभोजन, म्हणजे येशूने शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. "हे माझे शरीर आहे" असं येशू म्हणाला. या वाक्यातल्या 'आहे'चा अर्थ काय?

कॅल्व्हिनपंथी म्हणत, ख्रिस्ताचं शरीर स्वर्गात आहे. श्रद्धेने भाकर घेणाऱ्याला पवित्र आत्म्याच्या द्वारे त्याचा लाभ होतो. सूर्य आकाशात असतो, ऊब मात्र अंगणात पोचते, तसं. लूथरपंथी म्हणत, ऊब पोचते एवढंच नाही, तो स्वतः आलेला आहे. ओसरीवर येऊन बसला आहे. भाकरीबरोबर तो खरोखर हजर असतो.

यावर साहजिक शंका निघते : एक शरीर एकाच वेळी हजार गावांतल्या हजार मेजांवर कसं असेल? निकोलायचं उत्तर होतं की ख्रिस्तात देवपण आणि माणूसपण वेगळे कप्पे करून ठेवलेले नाहीत. देवपणाचं सर्वव्यापित्व त्याच्या माणूसपणालाही मिळालेलं आहे. म्हणून तो माणूस म्हणूनही सगळीकडे असू शकतो. हा त्याच्या धर्मशास्त्राचा कणा, आणि यासाठी तो कोणाशीही भिडायला तयार होता. त्याची कॅल्व्हिनपंथीयांविरुद्धची पत्रकं आज वाचवत नाहीत इतकी कडवट आहेत. 1597 साली त्याने त्यांच्या 'देवाविषयी'च एक पुस्तिका काढली. त्या भाषेचं समर्थन मी करणार नाही.

पण त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात उन्नात प्लेग आला.

उन्ना, जुलै 1597

तो 1596च्या अखेरीस उन्नात रुजू झाला होता. वर्षही पुरतं झालं नव्हतं. जुलै 1597 ते जानेवारी 1598 या काळात गावात तेराशेहून अधिक माणसं मेली. सरासरी काढली तर रोज सहा-सात. पण साथ सरासरीने येत नाही. काही दिवशी दफनांचा आकडा तिसाच्या घरात गेला. पाळकाचं घर दफनभूमीला लागून होतं, त्यामुळे घरात बसलं तरी समोर तेच. प्लेगचा जंतू सापडायला अजून तीनशे वर्षं जायची होती, तो 1894 साली सापडला. तोवर हा रोग कशाने येतो, कोणाला का गाठतो, कोणाला का सोडतो, कशाचाही पत्ता नव्हता.

या दिवसांत निकोलाय रोज थोडं थोडं लिहीत होता. विषय एकच, अनंत जीवन. पवित्र शास्त्रात त्याबद्दल काय आहे ते शोधायचं, पाचव्या शतकातला धर्मपंडित ऑगस्टिन वाचायचा, मनात घोळवायचं आणि उतरवून काढायचं. प्रस्तावनेत तो सांगतो की यातून आपल्याला विलक्षण धीर आला, मन प्रसन्न झालं. लिखाणाला त्याने नाव दिलं 'अनंत जीवनाचा आनंददर्पण'. हेतूही तिथेच सांगितला आहे : देवाने मला नेलं तर मी शांतपणे, आनंदाने गेलो याची ही खूण मागे राहो. वाचवलं तर जिथे जिथे अशी साथ येईल तिथल्या दुःखितांना याचा आधार होवो.

तो वाचला. प्रस्तावनेखाली 10 ऑगस्ट 1598 ही तारीख आहे, त्याच्या बेचाळिसाव्या वाढदिवसाची. 1599 साली पुस्तक फ्रांकफुर्टला छापलं गेलं. त्याला जोडून काही गीतं होती आणि त्यातली दोन जगभर गेली. एक 'जागे व्हा, आवाज साद घालतो आहे', आणि दुसरं 'पहाटतारा किती सुंदर झळकतो'. जर्मनीत पहिल्याला कोरालांचा राजा म्हणतात, दुसऱ्याला राणी.

माणसं मरत असताना आनंदाची गाणी? ही पळवाट नाही का?

ही शंका मला स्वतःला बरेच दिवस छळत होती. दारात तिरड्या लागलेल्या असताना लग्नाची गाणी लिहिणं म्हणजे डोळे मिटून घेणंच की.

मग लक्षात आलं की त्याला डोळे मिटायची सोयच नव्हती. पाळकाला दफनं टाळता येत नाहीत. दिवसभर ते पाहायचं आणि उरलेल्या वेळात हे लिहायचं, असा त्याचा क्रम होता. कोविडच्या लाटेत ज्यांनी आपलं माणूस हॉस्पिटलच्या दारात सोडून रात्र काढली त्यांना विचारा. तेव्हा रोगाची माहिती भरपूर असते. हवं असतं ते रात्री तीन वाजता तोंडात घोळवायला काहीतरी, कोणासाठी एखादा अभंग, कोणासाठी रामरक्षा. निकोलायला आपल्या माणसांच्या तोंडी देता येईल असं काही हवं होतं. सातशे पानांचा युक्तिवाद पाठ होत नाही. बारा ओळींचं कडवं होतं.

आणि तो कडवट वाद? माझ्या मते तो इथेच वितळून गाण्यात आला. ज्याला मनापासून वाटतं की ख्रिस्त माणूस म्हणून सगळीकडे हजर आहे, त्याला प्लेगच्या घरातही तो हजरच असतो. 'जागे व्हा'च्या दुसऱ्या कडव्याच्या शेवटी सगळे आनंदाच्या दालनात जातात आणि तिथे एकत्र 'संध्याभोजन' घेतात. प्रभुभोजनाला जर्मन भाषेत जो शब्द आहे, तोच. ज्या जेवणावरून त्याने पानंच्या पानं भांडण केलं होतं, ते इथे लग्नाच्या पंगतीसारखं मांडलेलं आहे.

दहा कुमारींची गोष्ट, आणि त्याने गाळलेला भाग

'जागे व्हा'चा आधार बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला (अध्याय 25) दाखला. दहा कुमारी दिवे घेऊन वराची वाट पाहतात. वराला उशीर होतो, सगळ्यांना झोप लागते. मध्यरात्री हाक येते, "वर आला!" पाचजणींनी जादा तेल आणलेलं असतं, त्या आत जातात. पाचजणी तेल आणायला पळतात, तोवर दार बंद. गोष्ट इशाऱ्याने संपते.

आता निकोलायचं गीत पाहा. बुरुजावर उंच पहारेकरी आहेत, मध्यरात्र आहे, हाक आहे, "शहाण्या कुमारींनो, कुठे आहात? दिवे घ्या." आणि मूर्ख कुमारी? त्या गीतात नाहीतच. बंद दारही नाही. तिसऱ्या कडव्यात उलट शहराच्या वेशी येतात, बारा मोत्यांच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या, आणि आपण त्यांच्या आत असतो. घरोघर मृत्यू झालेल्या गावासमोर उभं राहून त्याने दार लावून घ्यायचं नाकारलं. एरवी एवढा कठोर असणारा माणूस. मी या गीतापाशी पुन्हा पुन्हा येतो तो या गाळलेल्या भागासाठी.

पहारेकऱ्याचं गाणं हा प्रकार जर्मनीत आधीपासून होता. रात्री लपून भेटलेल्या प्रेमिकांना पहारेकरी सावध करतो, उजाडतंय, आता निरोप घ्या. निकोलायने ते उलटं फिरवलं. इथे हाक येते ती भेटीसाठी. आपली भूपाळी देवाला उठवते. ही भूपाळी माणसांना उठवते, कारण देव दाराशी आला आहे.

चाल तरी त्याचीच की उसनी?

दोन्ही गीतांच्या चाली त्याच पुस्तकात शब्दांबरोबर छापल्या गेल्या आणि निकोलायच्याच मानल्या जातात. आक्षेप असा की 'जागे व्हा'मधल्या काही जागा न्युरेनबर्गचा चर्मकार-कवी हान्स झाक्स याच्या एका जुन्या चालीशी जुळतात. जुळतात, खरं आहे. गावोगाव कारागीर-गायकांच्या मंडळांनी घोटलेली स्वरवाक्यं त्या काळी हवेतच होती. आपल्याकडे एका ओवीच्या चालीवर किती स्त्रियांनी किती ओव्या बांधल्या, त्याचा मालकीहक्क कोणी विचारत नाही. पाहायचं ते हे की घेतलेल्या तुकड्यांचं त्याने काय केलं.

पुन्हा पेटीपाशी या. सा ग प : शिंगाची ललकारी अशीच चढते. 'आवाज' या शब्दावर चाल धैवताला हलकेच शिवते आणि पंचमावर बसते. पुढे 'पहारेकरी खूप उंच' असे शब्द आले की सूर तार षड्जाच्याही वर जातो. म्हणणाऱ्याची मान आपोआप वर होते, बुरुजाकडे पाहावं तशी. रचना अशी, की पहिला तुकडा दोनदा म्हणायचा, मग एक नवा तुकडा, आणि त्या नव्या तुकड्याची शेवटची ओळ पहिल्याच्या शेवटच्या ओळीवरच येऊन मिळते. अक्षरओळख नसलेला माणूसही दोन कडव्यांत शिकतो, कारण अर्धं त्याला आधीच येत असतं.

राणीची चाल वेगळी : सा प ग सा, प ध ध प. ही एकदम पाचव्या पायरीवर उडी मारते. चाळीस जणांनी मिळून म्हटली की खोली उजळल्यासारखी वाटते.

अक्षरांत ठेवलेला विद्यार्थी

आता त्या मुलाकडे. 'पहाटतारा'ची सात कडवी आहेत. प्रत्येक कडव्याचं पहिलं अक्षर घेत खाली या : डब्ल्यू, ई, जी, व्ही, एच, झेड, डब्ल्यू. त्या काळी व्ही आणि यू एकच अक्षर मानत. ही आद्याक्षरं आहेत 'विल्हेल्म अर्न्स्ट, ग्राफ उंड हेर त्सू वाल्डेक' याची. म्हणजे वाल्डेकचा काउंट आणि स्वामी विल्हेल्म अर्न्स्ट. निकोलायचा विद्यार्थी. 'जागे व्हा'ची कडवी तीनच. त्यांची आद्याक्षरं डब्ल्यू, झेड, जी. खालून वर वाचा : जी, झेड, डब्ल्यू. 'ग्राफ त्सू वाल्डेक', वाल्डेकचा काउंट.

हा मुलगा ट्यूबिंगेनला शिकायला गेला होता. 16 सप्टेंबर 1598 रोजी, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिथे प्लेगने गेला. पुस्तक छापून यायच्या आधी. चारशे वर्षांहून जास्त काळ लोक ही गीतं म्हणताहेत आणि प्रत्येक कडव्याची सुरुवात करताना, बहुतेकांना माहीतही नसताना, त्या मुलाच्या नावाचं एक अक्षर उच्चारताहेत.

मग बाखने काय केलं?

पुष्कळ. त्याचं श्रेय कमी करायचा हेतूच नाही. 25 मार्च 1725 रोजी त्याने 'पहाटतारा'वर कॅन्टाटा सादर केला. कॅन्टाटा म्हणजे उपासनेत गायकवृंद, एकल गायक आणि वाद्यं मिळून सादर करतात ती अनेक भागांची रचना. 'जागे व्हा'वरचा कॅन्टाटा 25 नोव्हेंबर 1731चा. त्या तारखेमागे एक गंमतीचा हिशोब आहे. ईस्टर दरवर्षी मागेपुढे होतो, त्यामुळे त्रैक्याच्या रविवारानंतर (तो ईस्टरपासून आठ आठवड्यांनी येतो) ख्रिस्ती वर्षाच्या अखेरपर्यंत किती रविवार येतील ते बदलतं. सत्ताविसावा रविवार यायला ईस्टर 26 मार्चला किंवा त्याआधी यावा लागतो. अधिक महिन्यासारखाच हा प्रकार, फक्त त्याहून दुर्मीळ. बाखच्या लायप्झिगमधल्या सत्तावीस वर्षांत असा रविवार दोनदाच आला, 1731 आणि 1742 साली. त्या रविवारचं वाचन दहा कुमारींचं.

हा कॅन्टाटा ई-फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत काळी दोनच्या पट्टीत आहे. त्याचा चौथा भाग ऐका. व्हायोलिन आणि व्हिओला एकसुरात एक डौलदार, चालतं गाणं सुरू करतात. ते बाखचं. बराच वेळ तेच चालतं, आपण त्यात रमतो. मग मध्येच पुरुषांचे आवाज येतात, लांब, सरळ, काहीही नक्षी न करता : सियोनला, म्हणजे यरुशलेमला, पहारेकऱ्यांचं गाणं ऐकू येतं. ते निकोलायचं. दोन्ही चाली एकमेकींना न अडवता शेजारून चालतात. लायप्झिगच्या बाकांवर बसलेल्या प्रत्येकाला ती दुसरी चाल लहानपणापासून येत होती. बाखचं काम कळायला त्यांना तेवढं पुरेसं होतं. आपल्याला ती चाल आधी माहीत नसते, म्हणून आपण सगळंच बाखच्या नावावर टाकतो.

शेवटची वर्षं

डिसेंबर 1598मध्ये स्पॅनिश फौजा उन्नावर आल्या आणि त्याला पळावं लागलं. एप्रिलअखेर परतला. 1601 साली हाम्बुर्गच्या सेंट कॅथरिन चर्चने त्याला मुख्य पाळक म्हणून बोलावलं आणि 26 ऑक्टोबर 1608 रोजी, एका आजारात चार दिवसांत, तो गेला. वय 52. त्याने शास्त्रवचनांवरून मांडलेलं एक गणित सांगत होतं की जगाचा अंत 1670च्या सुमारास होईल. ते चुकलं. त्याच्या चर्चमधल्या प्रसिद्ध ऑर्गनवर 1720 साली बाख येऊन वाजवून गेला. ती इमारत 1943च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, मग पुन्हा उभी राहिली.

जर्मन प्रोटेस्टंट गीतपुस्तकात आज 'पहाटतारा' 70व्या क्रमांकावर आहे, 'जागे व्हा' 147व्या. ख्रिस्ती वर्षाचा शेवटचा रविवार, नोव्हेंबरच्या अखेरीचा, तिथे मृतांच्या आठवणीसाठी असतो. वर्षभरात मंडळीतलं जे जे कोणी गेलं, त्यांची नावं एकेक करून मोठ्याने वाचली जातात. त्या रविवारचं नेमलेलं गीत 147. नावं वाचून संपतात, ऑर्गन सा ग प देतो आणि लोक गायला लागतात.